'बाहेर'मधला 'ह' : घोष की अघोष?

अर्धमात्रा

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आधी माझं काम सांगते, कारण प्रश्न तिथूनच निघाला. यंत्राला मराठी बोलणं कळावं म्हणून जे प्रकल्प चालतात, त्यातली हमाली मी करते. हेडफोन लावून लोकांची वाक्यं ऐकायची, पडद्यावरच्या आलेखावर कुठला ध्वनी कुठे सुरू झाला नि कुठे संपला याच्या खुणा करायच्या, आणि प्रत्येकापुढे 'घोष' की 'अघोष' ते टिचकवायचं. घोष म्हणजे काय ते पाहायचं तर गळ्याच्या घाटीवर दोन बोटं ठेवा आणि आधी लांब 'सऽऽऽ' म्हणा, मग लांब 'मऽऽऽ'. दुसऱ्या वेळी बोटांना गुणगुण जाणवते, तो घोष. इतकं सोपं आहे ते.

सोपं होतं, 'बाहेर' हा शब्द येईपर्यंत. 'पाहिजे', 'महाग', 'राहू दे', सगळीकडे तीच गत. दोन स्वरांच्या मधला हा ह. आलेखात गळ्याचं कंपन थांबत नाही, म्हणजे अघोष म्हणता येत नाही. पण बाजूच्या 'आ'सारखी स्वच्छ, रेखीव लाटही नाही. कोणीतरी तिच्यावर फुंकर घातल्यासारखी विसकटलेली. फॉर्मात मात्र दोनच चौकोन. मी सोमवारी घोष लिहिलं, मंगळवारी अघोष. तपासणाऱ्यांनी दोन्ही दिवशी लाल खूण केली.

वैतागून जुनी टिपणं चाळली. एम.ए.ला असताना शिक्षा-प्रातिशाख्यं, म्हणजे वेदोच्चाराचे जुने ग्रंथ, हा भाग परीक्षेपुरता पाठ केला होता (ते पाठांतर कशाशी खातात हे तेव्हा कोणी सांगितलं नाही). तैत्तिरीय प्रातिशाख्याचा दुसरा अध्याय. तिथे ओळीनं तीन सूत्रं आहेत:

संवृते कण्ठे नादः क्रियते।
विवृते श्वासः।
मध्ये हकारः।

कंठ मिटलेला असेल तर नाद होतो. उघडा असेल तर श्वास. आणि मधल्या स्थितीत हकार.

मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले. माझ्या फॉर्मात दोन चौकोन होते आणि या माणसानं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिसरा काढून ठेवला होता. पुढे वाचलं तर आणखी आहे. लगेच खाली तो सांगतो की स्वर आणि घोष व्यंजनं नादानं बनतात, अघोष व्यंजनं श्वासानं, आणि 'हकारो हचतुर्थेषु', म्हणजे ह आणि वर्गातली चौथी अक्षरं (घ, झ, ढ, ध, भ) या मधल्या हकारी हवेनं. आपण शाळेत शिकतो की घ म्हणजे 'ग अधिक ह'. हे सूत्र त्याहून बारीक आहे. घ सोडताना गळा ज्या अवस्थेत असतो, तीच अवस्था ह म्हणताना असते. आजचं ध्वनिशास्त्र हेच सांगतं : स्वरतंतू कंप पावत असतात, पण पूर्ण मिटत नाहीत, फटीतून हवा झिरपत राहते.

आता गंमत बघा. अमेरिकेचा मोठा संस्कृतज्ञ विल्यम ड्वाइट व्हिटनी यानं १८७१ साली हेच प्रातिशाख्य भाषांतरासह छापलं. त्याआधी १८६२ मध्ये अथर्ववेदाचंही त्यानं केलं होतं. माणूस काटेकोर, पाठाच्या बाबतीत त्याच्याइतकं नेटकं काम कमीच. पण 'मध्ये हकारः'पाशी तो अडला. श्वास आणि नाद यांच्यामध्ये तिसरं काही असू शकतं, ही कल्पनाच आपल्याला करता येत नाही, असं त्यानं लिहून ठेवलं. त्याच्या भाषेतला शब्दारंभीचा ह खराच नुसता श्वास असतो. पण इंग्रजी बोलणारेसुद्धा 'अहेड', 'बिहाइंड' म्हणताना मधला ह पुष्कळदा घोषच करतात. म्हणजे ज्या ध्वनीची कल्पना करता येत नव्हती, तो बहुधा त्याच्याच तोंडात होता!

तेव्हा साधनं नव्हती असंही नाही. मानुएल गार्सिया या गायनशिक्षकानं १८५४ मध्येच आरसा घशात धरून स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले होते. 'स्वरतंतू' ही कल्पना तर फेरें या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं १७४१ मध्ये मांडली. प्रातिशाख्यकाराला स्वरतंतू ठाऊक नव्हते. त्याच्याकडे आरसाही नव्हता. तो फक्त 'कंठ' मिटतो, उघडतो, अर्धवट राहतो एवढं सांगतो. बघून नव्हे, ऐकून आणि स्वतःच्या गळ्यात जाणवून.

मला धाग्यात हेच मांडायचंय. आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की एक तर 'पूर्वजांना सगळं माहीत होतं' होतं, नाही तर 'सगळं कर्मकांड' होतं. दोन्हीकडचे लोक सूत्र स्वतःच्या तोंडात म्हणून बघत नाहीत. घाटीवर बोट ठेवा, 'बाहेर' म्हणा, आणि इथे लिहा.

खारूताई

ऑफिसात घाटीवर बोट ठेवून 'बाहेर, बाहेर' म्हणत होते. शेजारचा उठून बाहेर गेला.

पण खरंच, गुणगुण थांबत नाहीये! आणि विसर्गाचं काय? 'रामः' म्हणताना शेवटचा ह पण असाच का?

अर्धमात्रा

@खारूताई, नाही, तिथेच तर मजा आहे. विसर्ग अघोष. शेवटी नुसती हवा. आपण घरोघरी 'रामहा' म्हणतो, त्यामुळे तो घोष ह होऊन बसलाय. 'रामः' म्हणताना शेवटचा 'ह' कुजबुजल्यासारखा सोडून बघ, बोटाखालची गुणगुण थांबेल. ह आणि विसर्ग ही जोडी म्हणजे ग आणि क सारखीच, एक घोष, एक अघोष. काही आचार्य या दोघांना कंठ्य म्हणतात, तर काही थेट 'उरस्य', छातीतले.

जयतु_भारतम्

अप्रतिम लेख!! पाश्चात्त्यांनी सगळं आपल्याकडून चोरलं आणि आपल्यालाच परत विकलं हे आता तरी लोकांना कळेल. नासाने पण मान्य केलंय की संगणकासाठी संस्कृत हीच सर्वोत्तम भाषा. शाळेत मात्र हे शिकवणार नाहीत.

उपध्मानीय

आलंच का नासा. तिसऱ्याच प्रतिसादात. मी पाचव्यावर पैज लावली होती.

त्याची मुळं अशी आहेत : रिक ब्रिग्ज नावाचे संशोधक नासाच्या एका केंद्रात काम करत होते. त्यांनी १९८५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका नियतकालिकात लेख लिहिला. विषय ध्वनींचा नव्हता, संगणकाची भाषा म्हणून संस्कृत वापरा असाही नव्हता. नैयायिक-वैयाकरण (न्यायशास्त्राचे आणि व्याकरणाचे जुने पंडित) एका वाक्याचा अर्थ ज्या पद्धतीनं उलगडून मांडतात (शाब्दबोध), ती पद्धत आणि संगणकात ज्ञान मांडायची एक पद्धत यांच्यातलं साम्य त्यांनी दाखवलं होतं. लेख वाचनीय आहे. त्याच्यावर जे रचलं गेलंय ते नाही.

आणि चोरी कसली? चोर उधारीची वही ठेवत नाही. विल्यम जोन्सनं १७८८ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात आशियाई शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत यावर निबंध छापला, आणि त्यात देवनागरीच्या क्रमाचं कौतुक उघड केलंय. मॅक्स म्युलरनं १८५६ पासून ऋक्प्रातिशाख्य जर्मन भाषांतरासह काढलं. व्हिटनीचं वर आलंच. १९४६ मध्ये लंडनच्या जे. आर. फर्थनं लिहिलं की जोन्सनं ज्यांची ओळख करून दिली त्या भारतीय वैयाकरणांशिवाय आमची एकोणिसाव्या शतकातली ध्वनिशास्त्राची शाळा कल्पनेतही आणणं अवघड आहे. त्याचाच सहकारी सिडनी अ‍ॅलन यानं १९५३ मध्ये प्राचीन भारतातल्या ध्वनिविचारावर आख्खं पुस्तक केलं, आणि व्हिटनीचा हकाराबाबतचा अविश्वास कसा चुकला ते त्यातच दाखवलंय. त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, सिद्धेश्वर वर्मांचा ग्रंथ आहे. आपण मात्र ना वर्मा वाचत, ना अ‍ॅलन. फॉरवर्ड वाचतो.

तुलनेसाठी ग्रीकांकडे बघा, म्हणजे या कामाची उंची जाहिरातीशिवाय कळेल. दियोनिसिओस थ्राक्सच्या नावावरच्या ग्रीक व्याकरणात प-त-क ला 'उघडे', फ-थ-ख ला 'केसाळ' आणि ब-द-ग ला 'मधले' म्हटलंय. मधले म्हणजे उघडे आणि केसाळ यांच्या मधले! ग आणि क मध्ये गळ्याचा फरक आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. लॅटिनमध्ये त्याचंच 'मेदिया' झालं आणि युरोपात ते नाव शतकानुशतकं चाललं.

जयतु_भारतम्

ठीक आहे. नासाचं मागे घेतो. पण क्रम आपलाच जगात गेला ना?

उपध्मानीय

हो, ते अगदी खरं. जपानी मुळाक्षरांचा क्रम म्हणून बघा : आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. क, च, ट-त, प, य-र-व हे आपलं ओळखीचं शेपूट दिसतं ना? बौद्ध भिक्षूंनी सिद्धम लिपीतून संस्कृत शिकताना हा क्रम तिकडे नेला. 'ना' आणि 'मा'च्या मध्ये 'हा' का, तर जपानीतला हा ह पूर्वी प होता. ध्वनी बदलला, पण त्याची खोली तीच राहिली. त्या भाषेच्या इतिहासकारांना आपल्या क्रमाचा असा उपयोग होतो.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण थोडं पाणी ओततो. 'मध्ये हकारः' या पाच अक्षरी सूत्रात आपण आजचं ज्ञान घुसवत नाही ना? नंतर कळलेल्या गोष्टी जुन्या ओळीत सापडणं फार सोपं असतं. शिवाय यांना विज्ञान करायचंच नव्हतं. मंत्र चुकला तर यज्ञ फसेल ही भीती. इंद्रशत्रूची गोष्ट तीच ना? वृत्राच्या बापानं स्वर चुकवला आणि इंद्राला मारणारा व्हायच्या ऐवजी इंद्राकडून मरणारा मुलगा झाला.

अर्धमात्रा

@शंकासुर, शंका रास्त आहे. म्हणूनच मी एका सूत्रावर थांबले नाही. 'मध्ये हकारः' एकटं असतं तर मीही म्हटलं असतं की मधलं म्हणजे काहीही. पण लगेच 'हकारो हचतुर्थेषु' येतं. घ-झ-ढ-ध-भ चं नातं ख-छ-ठ-थ-फ शी न जोडता ह शी जोडणं हा अपघात नाही. अर्थ ओढूनताणून काढायचा असता तर ही जोडणी जुळली नसती. आणि ऋक्प्रातिशाख्याच्या तेराव्या पटलातही (प्रकरणातही) हीच त्रिस्थिती वेगळ्या शब्दांत आहे : कंठाचं छिद्र विवृत किंवा संवृत असेल त्याप्रमाणे वायू श्वास किंवा नाद होतो, आणि दोन्हींच्या मध्ये असेल तर दोन्ही.

चुकाही आहेत. मन कायाग्नीवर आघात करतं आणि अग्नी वाऱ्याला ढकलतो, हे पाणिनीय शिक्षेतलं वर्णन सुंदर आहे, ध्वनिशास्त्र नाही. तिथे मी हात जोडते आणि पुढे जाते.

भीतीबद्दल : भीती होतीच. पण भीतीपोटी माणूस डोळे मिटतो किंवा फार बारीक बघतो. यांनी बारीक बघितलं. तैत्तिरीय प्रातिशाख्यातल्या 'स्थान' आणि 'करण' यांच्या व्याख्या पाहा. व्यंजनात जिथे स्पर्श होतो ते स्थान, ज्यानं स्पर्श केला जातो ते करण. दात स्थान, जिभेचा शेंडा करण. स्वरांसाठी मात्र ते सावधपणे वेगळी व्याख्या देतात, कारण तिथे स्पर्शच नाही, तिथे 'उपसंहार' म्हणजे नुसतं जवळ आणणं. भीतीनं एवढं होत नाही हो, त्याला कुतूहल लागतं.

त्रिपाद

माझा अनुभव लिहितो. लहानपणी आजोळी चुलत आजोबांकडे चार वर्षं शुक्ल यजुर्वेद शिकलो, माध्यंदिन शाखा. पुढे सोडलं, इंजिनिअर झालो. पण काही गोष्टी जिभेवरून जात नाहीत.

आमच्यात 'सहस्रशीर्षा पुरुषः' नाही म्हणत. 'सहस्रशीर्खा पुरुखः' म्हणतात. ष चा ख. शाळेत एकदा असं म्हटलं तर संस्कृतच्या बाई हसल्या, आणि घरी 'पुरुष' म्हटलं तर आजोबांनी डोळे वटारले. मला वाटायचं आमच्या खानदानाचीच जीभ वाकडी. मोठेपणी कळलं की याचा नियम शिक्षाग्रंथात लिहिलेला आहे, अपवादासकट : पुढे ट-वर्ग असेल तर ष हा षच. म्हणून 'इष्ट' आम्ही 'इष्ट'च म्हणतो, आणि 'षष्ठी' मात्र 'खष्ठी'. पहिला बदलला, दुसरा ठ च्या आधाराला उभा. पाच वर्षांच्या पोराला हा नियम कोणी सांगितला नव्हता, पण मी तो एकदाही मोडला नाही.

हातही असायचा. उदात्त, अनुदात्त, स्वरित (वेदपाठातले उंच, खालचे आणि मिश्र सूर) म्हणताना हात वर, खाली, बाजूला. स्वर चुकला तर आजोबा तोंडानं काही बोलत नसत, माझा हात धरून योग्य जागी नेत. पतंजलीच्या महाभाष्यात उल्लेख आहे की उदात्ताच्या जागी अनुदात्त म्हणणाऱ्या पोराला खंडिकोपाध्याय चपराक देतो, 'भलतंच करतोयस' म्हणून. ते वाचलं तेव्हा आमचे आजोबा फार सौम्य वाटले.

संहितापाठ (सलग), मग पदपाठ (शब्द सुटे), मग क्रम, जटा, घन असे शब्द फिरवून म्हणायचे प्रकार. घनात दोन पदांची पुढे-मागे, मग तीन पदांची पुढे-मागे-पुढे अशी वीण. लोकांना तो चमत्कार वाटतो. शिकताना मला ते हिशेब तपासण्यासारखं वाटायचं. उलटसुलट म्हटलं की संधी प्रत्येक वेळी वेगळा होतो, आणि गळालेलं अक्षर कुठे ना कुठे उघडं पडतंच.

मधली_सुट्टी

@त्रिपाद, काय सुंदर लिहिलंय. वेगळा धागा काढाच.

मी प्राथमिकला शिकवते. माझी तक्रार मराठीची आहे. एवढी शास्त्रशुद्ध वर्णमाला, आणि त्यात आपल्या रोजच्या 'चमचा'तला च नाही! 'चंद्र'मधला च वेगळा, 'चांदणं'मधला वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, लिहिताना एकच. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. मुलं विचारतात तेव्हा मी 'सवयीनं कळेल' म्हणते आणि मनातून ओशाळते.

अर्धमात्रा

@मधली_सुट्टी, ओशाळू नका, वर्णमाला आपल्यासाठी शिवलेलीच नव्हती. ती संस्कृतच्या अंगाची. संस्कृतला एकच च, जिभेचा मध्य टाळूला लावून. आपण तो सदरा घातला आणि दंडाला घट्ट झाला.

पण मुलांना एक गोष्ट दाखवता येईल. 'माझा' म्हणा आणि 'माझी' म्हणा. झ बदलला. 'माझे' म्हटलं तरी बदलला. इ आणि ए म्हणताना जीभ टाळूकडे वर जाते, त्या ओढीनं झ देखील टाळूवर जातो. आ च्या शेजारी तो दातांमागे राहतो. हे स्पष्टीकरण द्यायला लागणारे सगळे शब्द (स्थान, करण, तालव्य) जुन्यांचेच आहेत. त्यांनी आपला च पाहिला नाही, पण तो पाहायचा कसा ते सांगून ठेवलं.

'चंद्र', 'जरा' म्हणजे वार्धक्य, हे तत्सम शब्द. ते संस्कृतचा च-ज जसाच्या तसा घेऊन आले, म्हणून तिथे आ-अ पुढे असूनही तालव्य.

खारूताई

आणि ळ? तो तर आपला खास ना?

उपध्मानीय

ऋग्वेदाचं पहिलंच वाक्य म्हणून बघा : 'अग्निमीळे पुरोहितम्'. ऋक्प्रातिशाख्यात वेदमित्र नावाच्या आचार्याचं मत दिलंय की दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ड चा ळ होतो. ढ चा तसाच ळ्ह. म्हणजे ळ आहे, पण भाड्यानं राहणारा. स्वतःचं घर नाही, दोन स्वरांमध्ये तात्पुरता मुक्काम. आपला 'फळ', 'काळ', 'डोळा'मधला ळ बहुतेक ठिकाणी ल पासून आलाय, तो वेगळ्या वाटेनं. वाटा दोन, ध्वनी एक. त्यावरून 'मराठी थेट वैदिकातून आली' असं कोणी म्हणू लागलं तर मला उठवा.

बरं, मतभेदांचा विषय निघालाच आहे. र कुठे उच्चारायचा? शाळेत 'ऋटुरषाणां मूर्धा' घोकलंय, म्हणून आपण र मूर्धन्य (ट-ठ सारखा, जीभ टाळूच्या माथ्याकडे वळवून) मानतो. प्रातिशाख्यं तसं म्हणत नाहीत. ऋक्प्रातिशाख्य त्याला दंतमूलीय (दातांच्या मुळाशी) म्हणतं, आणि लगेच नोंदवतं की काही जण वर्त्स्य (हिरडीच्या उंचवट्यावर) म्हणतात. तैत्तिरीयवालेही दातांच्या मुळाच्या मागच्या बाजूला जीभ नेतात. र म्हणून बघा, तुमची जीभ कुणाच्या बाजूनं मत देते? माझी प्रातिशाख्यांच्या. मग पाणिनीय परंपरेनं तो मूर्धन्य का केला? कारण र नंतरचा न हा ण होतो, 'रामेण', 'कारण'. व्याकरणाच्या सोयीला र हा ट-वर्गाच्या पंगतीला बसणं बरं पडतं. माझा हा अंदाज आहे, पण वैयाकरण नियमाकडे बघत होते आणि प्रातिशाख्यकार जिभेकडे, हे मला पटतं.

शंकासुर

हे आवडलं. म्हणजे शाखाशाखांचं एकमत नसणं हाच निरीक्षणाचा पुरावा. नुसतं घोकत असते तर सगळ्यांनी एकच लिहिलं असतं. पाणी परत घेतो, अर्धा पेला.

पाखरू

अवांतर : मात्रांवरचा तो श्लोक कोणी टाकला नाही अजून? पाणिनीय शिक्षेत आहे. चाष एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन, मुंगूस अर्धी. चाष म्हणजे आपला नीलपंख. गेली पंधरा वर्षं पक्षी बघतोय, त्यामुळे सांगतो : कावळा आणि मोर बरोबर. नीलपंख एकेक तुकडा टाकत ओरडतो, तेही चालेल. मुंगसाची अर्धी मात्रा मी अजून ऐकलेली नाही, पण व्यंजन तेवढंच असतं असं म्हणतात, तर ठीक आहे.

आणि पाणिनीनं ह्रस्व-दीर्घ-प्लुतासाठी (एक, दोन, तीन मात्रांच्या स्वरांसाठी) उ-ऊ-ऊ३ का निवडलं, अ-आ का नाही? कोंबड्याच्या आरवण्यात ते तिन्ही क्रमानं ऐकू येतात म्हणून, असं परंपरेनं सांगतात.

अर्धमात्रा

@पाखरू, कोंबडा आहेच, पण अ-आ न घेण्याचं दुसरंही कारण असू शकेल, आणि ते माझं लाडकं आहे. सगळ्यांनी करून बघा. 'इ' म्हणा आणि ती ओढा. ई मिळते. 'उ' ओढा, ऊ मिळतो. आता 'अ' म्हणा, जीभ-जबडा न हलवता ओढत राहा. आ मिळत नाही! लांब अऽऽऽच राहतो. कारण आपला अ संवृत आहे, तोंड जरा मिटलेलं, आणि आ विवृत. दोघांत फक्त लांबीचा फरक नाही.

पाणिनीला हे ठाऊक होतं. पण त्याला अ आणि आ सवर्ण (उच्चाराच्या एकाच गटातले) हवे होते, नाही तर 'अ + अ = आ' हा संधीच बसत नाही. मग त्यानं काय केलं? जवळजवळ चार हजार सूत्रं अ ला विवृत मानून चालवली. आणि सगळं झाल्यावर, अष्टाध्यायीचं अगदी शेवटचं सूत्र लिहिलं : 'अ अ'. बस. विवृत मानलेला अ आता संवृत समजा. नाटक संपल्यावर मुखवटा काढून ठेवावा तसं. जगातल्या कुठल्या व्याकरणाचा शेवट इतका छोटा नसेल.

त्रिपाद

'अ अ' बद्दल माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

तुमच्या टोपणनावावरून आठवलं : अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो म्हणे. पाणिनीनं इथे पूर्ण सूत्रच दोन अक्षरांत संपवलं, म्हणजे बारसंच.

वाणी_उपचार

उशिरा आले. मी बोलण्यात अडचण असलेल्या मुलांबरोबर काम करते. स्थान-करण मला रोज लागतं. क च्या जागी त म्हणणारी मुलं बरीच येतात. आई म्हणते, 'क म्हण, क.' त्याला क ऐकू येतोच, जीभ कुठे लावायची हे कळत नाही. 'जिभेचं टोक खाली, मागचा भाग वर', असं सांगितलं, आरशात दाखवलं की वाट सापडते. प्रातिशाख्यातही तेच की. वर्ण ऐकवून थांबत नाहीत, तोंडाचा नकाशा देतात.

आणि 'मध्ये हकारः' : आम्ही ज्याला 'हवेशीर आवाज' म्हणतो तो आजारातही येतो, स्वरतंतू नीट मिटत नाहीत तेव्हा. फरक एवढाच की मराठी माणूस तो मुद्दाम, एका क्षणापुरता आणि अचूक काढतो. म्हण, न्हाणं, कोल्हा, व्हा, या सगळ्यात तो आहे. परभाषकांना शिकवून बघा म्हणजे कळेल किती अवघड आहे.

मधली_सुट्टी

आज वर्गात 'माझा-माझी' करून घेतलं. एका मुलीनं स्वतःहून 'तुझा-तुझी' शोधलं, मग 'चांगला'मधला च 'चिंच'च्या सुरुवातीला का नाही ते विचारलं. आणि एक जण म्हणाला, बाई, मग ऋ कुठे लावायची जीभ? आपण रु म्हणतो, हिंदी सिनेमात रि म्हणतात.

उपध्मानीय

त्या मुलाला सांगा, प्रश्न फार जुना आहे. अथर्ववेदाच्या चतुराध्यायिकेत (त्याच्या प्रातिशाख्यात) 'संस्पृष्टरेफमृवर्णम्' म्हटलंय, म्हणजे र मिसळलेला स्वर. त्यात उ-ही नाही आणि इ-ही नाही. भाष्यकार तर कडेला जरासा स्वर, मध्ये र, परत जरासा स्वर अशी मापं देतात. महाराष्ट्रानं शेपटाला उ जोडला, उत्तरेनं इ. दोघंही तेवढेच चुकलेले, त्यामुळे भांडायला मोकळे.

अर्धमात्रा

ताजी खबर. तपासणाऱ्यांना तिन्ही सूत्रं अर्थासह पाठवली, आलेखाचं चित्रही जोडलं. उत्तर आलं : 'माहितीपूर्ण. फॉर्म बदलता येणार नाही. घोष लिहा.'

शंकासुर

शेऱ्याचा रकाना असेल ना? तिथे 'मध्ये' लिहा.

अर्धमात्रा

लिहिलंय. आज एकशे बारा वेळा.